ही बॉडी कुठली?

विसरवाडीच्या नाक्यावर चहा पीत बसलेल्या माणसाला ट्रकची नंबरप्लेट वाचायची गरज पडत नाही. कोंडाईबारीचा घाट उतरून आलेला ट्रक लांबवर दिसला, की टपरीवरचं कुणीतरी बशीतून तोंडही वर न काढता सांगून मोकळं होतं, "पंजाबी बॉडी." दुसरा म्हणतो, "छे, राजस्थानी. केबिनवरचा मुकुट बघ ना." वाद पेटतो. ट्रक जवळ येतो, गतिरोधकावर आचका खातो आणि नवापूरच्या दिशेने निघून जातो. वाद मात्र टपरीवरच राहतो. नंबरप्लेटवर राज्याची दोन अक्षरं ढळढळीत लिहिलेली असतात, पण ती वाचून निकाल लावणं इथे कमीपणाचं समजतात. नंबरप्लेट काय, आरटीओवालाही वाचतो.

हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता ५३ झाला. नंबर बदलला, चौपदरीकरणाची धूळ वर्षानुवर्षं उडाली, तरी सुरतेकडून धुळ्याकडे जाणारं सगळं काही आमच्या समोरूनच जातं. खांडबाऱ्यावरून नंदुरबारला जाणारा फाटा इथेच फुटतो. त्यामुळे ड्रायव्हर जरा थांबतात, खाली उतरतात, टायरला लाथ मारून हवा बघतात आणि चहा सांगतात. बॉड्यांचा अभ्यास करायला याहून बरी जागा मला माहीत नाही.

ज्यांनी आयुष्यात फक्त मोटार घेतली आहे त्यांच्यासाठी सांगतो. ट्रक कारखान्यातून नेहमी पुरा होऊनच बाहेर पडतो असं नाही. कित्येक वर्षं कंपनी द्यायची ती नुसती चासी. म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया, इंजिन, चाकं आणि स्टेअरिंग. फळीवर गोणपाट टाकून, तोंडाला उपरणं गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून बसलेला एक ड्रायव्हर ती चालवत न्यायचा. दार नाही, काच नाही, डोक्यावर छत नाही. श्रावणात हा माणूस घाटातून यायचा तेव्हा चहाआधी त्याला पिळून वाळत घालावंसं वाटायचं. ही चासी मालक बॉडीवाल्याकडे टाकतो. मग सुतार, लोहार, पत्रेवाला, पेंटर असे सगळे मिळून तिच्यावर केबिन आणि हौदा बांधतात. बॉडी बांधून होईपर्यंत मालक हप्ते भरत बसतो. आता हा खेळ संपत आला आहे. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, आणि उपरण्याची जागा काचेने घेतली.

हाच धंदा इटलीत तुरीन, मिलान आणि मोदेना या गावांत चालायचा. तिथे त्याला कारोत्झेरिया म्हणतात, आणि त्या बॉड्या आज लिलावात कोट्यवधींना जातात. फरक इतकाच, की तिथल्या गाडीत कांदा भरत नसत.

हे सगळं नाक्यावर निघायचं कारण गुरुजींचा भाचा. तो तुरीनला इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेतो. एके संध्याकाळी त्याने मामाला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, ओळखा पाहू. इथे घरमालकांच्या शेडमध्ये निघाली. त्यांनाही सांगता येत नाही." फोटोत एक लाल मोटार होती. दोन दारं, लांब नाक, मागे पाठ उतरत गेलेली, पुढच्या जाळीवरचा बिल्ला गायब, आणि डाव्या दिव्याच्या जागी नुसतं भोक. गुरुजी निवृत्त असले तरी प्रश्न कठीण आला की वर्गात फिरवायची सवय सुटलेली नाही. त्यांनी मोबाइल टपरीवर फिरवला.

पहिला निकाल आला तो असा, की गाडी लाल आहे म्हणजे फेरारी. हा निकाल देणाऱ्याने फेरारी फक्त भाचरांच्या शाळेच्या दप्तरावर पाहिली होती, पण आवाजात खात्री होती. दुसऱ्याने मोबाइलमधल्या शोधयंत्राला विचारलं. यंत्राने आधी एका इंग्रज कंपनीचं नाव घेतलं, फोटो जरा तिरका धरल्यावर दुसऱ्या कंपनीचं घेतलं, आणि तिसऱ्या वेळी हीच गाडी खेळण्यात किती रुपयांना मिळते ते दाखवलं. तिसऱ्या निकालाला नाक्यावर बरीच मान्यता मिळाली. निदान त्यात किंमत तरी होती.

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "स्टेअरिंग उजवीकडे आहे. म्हणजे गाडी आपल्याकडची. एखाद्या राजाने चोरून तिकडे विकली असणार."

आबांचा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो, आणि या विषयात तज्ज्ञ म्हणवणारेही इथे घसरू शकतात. इटलीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्टेअरिंग डावीकडे हवं. पण लान्चिया आणि अल्फा रोमिओ यांच्या जुन्या भारी गाड्या कितीतरी वर्षं उजव्या स्टेअरिंगच्याच निघत होत्या. लान्चियाने तर १९५० च्या दशकापर्यंत हा हट्ट सोडला नाही. आल्प्सच्या घाटात दरीची कड ड्रायव्हरच्या अगदी डोळ्यांखाली राहावी, असं त्याचं कारण सांगतात. आपल्याकडे या कामाला क्लीनर असतो. तो कोंडाईबारीत डावीकडून मुंडकं बाहेर काढून "येऊ दे, येऊ दे" ओरडतो. इटालियन लोकांनी क्लीनरचा पगार वाचवून स्टेअरिंग हलवलं.

तेवढ्यात एका पोराने मुळातला प्रश्न विचारला, "हाई गाडी कोनी शे?" गाडी कोणती हे ठरायच्या आत कोणाची हे ठरलं पाहिजे, हा आमच्याकडचा रिवाज. नाक्यावर पांढरी जीप थांबली तर तिचं मॉडेल कुणी विचारत नाही. कुणाची आणि कशाला आली, एवढं कळलं की पुरतं. शहरातले लोक याला गावठी चौकशी म्हणतात. पण लिलावाची पुस्तकं उघडून बघा. गाडीच्या इंजिनावर एक परिच्छेद असतो, आणि ती कुठल्या सरदाराची, त्याने कुणाला विकली, त्याच्या बायकोने घटस्फोटात कुणाला दिली, यावर चार पानं. किंमत ठरते ती त्या चार पानांवर.

तसं राजांच्या गाड्यांचं आम्हाला अगदीच कौतुक नाही असं नाही. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, ती बघायला माणसं लांबून जातात. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडे बॉडीला टाकली. मराठी मालक, अमेरिकन चासी, इंग्रज बॉडीवाला. आपला ट्रकमालक चासी एका गावातून घेऊन बॉडी दुसऱ्या गावाला बांधतो तेव्हा नेमकं हेच करतो. फक्त त्याच्यावर कुणी जाडजूड पुस्तक काढत नाही.

भाच्याची गाडी मात्र राजाची नव्हती. घरमालकांच्या वडिलांनी ती कुठूनशी घेतली, दोन-तीन उन्हाळे फिरवली आणि शेडमध्ये ढकलली. ही माहिती आली आणि नाक्याचा रस निम्म्याने उतरला. कंडक्टर आबांनी चष्मा परत नाकावर घेतला.

मग दुसरा फोटो आला. बॉनेट उघडलेलं, आत धुळीचा थर, मधोमध एक छोटंसं चार सिलिंडरचं इंजिन. मोबाइल फिरत फिरत कोपऱ्यात बसलेल्या मिस्तरींकडे गेला. मिस्तरींचं गॅरेज नाक्यापासून जरा आत आहे. तरुणपणी ते मुंबईला टॅक्सीच्या गॅरेजात होते, आणि ती वर्षं त्यांच्या नखांत अजून आहेत. त्यांनी फोटो एकदा बघितला. दोन बोटांनी मोठा केला. पुन्हा लहान केला.

"ही तर फियाट," ते म्हणाले.

कुणी हसलं. मिस्तरी चिडले नाहीत. काम येणारा माणूस अशा वेळी चिडत नाही, तपशील देतो. "हेडचा आकार बघा. कॉइल बघा. तो पाइप कुठून निघालाय बघा. अकराशे आहे. डुक्कर फियाटचं तेच, पद्मिनीचंही तेच. एक हजार एकोणनव्वद सीसी. डोळे बांधून खोलून देतो."

भाच्याला विचारलं. त्याने इंजिनावरचा नंबर घासून काढला, घरमालकांना दाखवला, घरमालकांनी ओळखीच्या कुणाला दाखवला. तासाभराने उत्तर आलं, की इंजिन फियाट ११०० चं आहे. तुरीनमध्ये जे तासाभरात कळलं ते विसरवाडीत अर्ध्या चहात कळलं होतं, असा मिस्तरींनी पुढचे कित्येक दिवस हिशेब मांडला.

मिस्तरींचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि त्यातून जी वंशावळ निघते ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दर्शनी काचेवर चिकटवायला हवी होती. फियाटने हे १०८९ सीसीचं इंजिन १९३७ साली आणलं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला फियाट ११०० बनवायला घेतली तेव्हा या इंजिनाने मुंबई गाठली. १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी म्हणू लागले. या शतकाच्या तोंडावर ती बंद झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. साठ वर्षांहून जास्त काळ एकच इंजिन चालवणं हा आपल्याकडे आळस समजला गेला. मिस्तरी लोकांना ती सोय होती. एकदा शिकलं की जन्माचं काम झालं.

आता याच इंजिनाचे इटलीतले भाऊबंद बघा. एंझो फेरारी अल्फा रोमिओतून बाहेर पडला तेव्हा करार असा होता, की चार वर्षं स्वतःचं नाव गाडीला द्यायचं नाही. त्याने १९४० साली नाव न देता दोन गाड्या बनवल्या. त्यांचं आठ सिलिंडरचं इंजिन फियाट ११०० चे सुटे भाग वापरून जुळवलेलं होतं, आणि बॉडी बांधली मिलानच्या तूरिंगने. म्हणजे फेरारीची पहिली गाडी ही एका परीने दोन फियाट जोडून केलेली होती. टपरीवर हे सांगितल्यावर 'लाल म्हणजे फेरारी'वाले गृहस्थ एकदम उठून बसले. आपण बरोबरच होतो असा त्यांचा दावा होता, आणि तो खोडणं मलाही जड गेलं.

त्याहून गंमत चिझितालिया २०२ ची. पिएरो दुझिओ नावाचा तुरीनचा कारखानदार होता. तो युव्हेन्टस क्लबातून फुटबॉल खेळलेला आणि पुढे त्याच क्लबाचा अध्यक्ष झालेला. युद्ध संपताच त्याने शर्यतीच्या गाड्या काढल्या. इंजिन घेतलं तेच, फियाट ११०० चं, जरा तिखट-मीठ लावून पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीपर्यंत नेलेलं. त्यावर पिनिन फारीनाने १९४७ साली अशी बॉडी बांधली, की १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ती मांडली, आणि पुढे आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. पिकासोची चित्रं जिथे लागतात तिथे ही गाडी, आणि तिच्या पोटात कुर्ल्याच्या टॅक्सीचं सख्खं भावंड. दादर स्टेशनबाहेर जे इंजिन मीटर खाली पडायची वाट बघत धुरकट उभं असायचं, तेच तिथे काचेसारख्या फरशीवर कलावस्तू म्हणून बसलं आहे, आणि त्याला हात लावू देत नाहीत.

हे ऐकल्यावर मिस्तरींनी एकच विचारलं, "पावसात बंद पडायची का?"

पडायची! हजार मैलांच्या मिल्ले मिलिया शर्यतीत १९४७ साली ताझिओ नुव्होलारी ही छोटी उघडी चिझितालिया घेऊन उतरला होता. वय ५४. अडीच पटीहून मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओला मागे टाकून तो शेवटच्या टप्प्यापर्यंत पुढे होता. मग पाऊस कोसळला, इंजिनाच्या मॅग्नेटोत पाणी गेलं, गाडी थांबली, ते वाळवण्यात वेळ गेला आणि अल्फा पुढे निघून गेली. नुव्होलारी दुसरा आला. मोटारींच्या इतिहासात या शर्यतीवर हळव्या स्वरात लिहिलं जातं. मिस्तरींनी मात्र मान डोलावली आणि म्हणाले, "कोरडं फडकं ठेवायचं. मी तर डिस्ट्रिब्युटरवर सायकलची ट्यूब कापून बसवायचो. मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून काढलीय गाडी."

इंजिनाचा निकाल लागला तरी भाच्याचा प्रश्न सुटला नव्हता. इंजिन फियाटचं, पण बॉडी फियाटची नव्हती. युद्धानंतरच्या तुरीनमध्ये फियाट ११०० ची चासी घेऊन जो उठेल तो स्पोर्ट्स गाडी बांधत होता. कुणी दहा बांधल्या, कुणी एक. ज्याने एकच बांधली त्याने तिचं नाव ठेवायचे कष्ट घेतले नाहीत, आणि सत्तर वर्षांनी अभ्यासक लोक त्या एकीवरून एकमेकांशी बोलणं सोडतात. आमच्या नवापूर स्टेशनावर बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत आहे. या गाड्यांचंही तसंच, अर्धं अंग एका घरचं आणि अर्धं दुसऱ्या घरचं, आणि मधली रेघ नेमकी कुठे आहे यावर दोन्हीकडचे लोक बसून असतात.

त्यात बॉडीवाल्यांची भाऊबंदकी वेगळीच. तुरीनमध्ये जोव्हानी फारीना याचा बॉडीचा मोठा कारखाना होता. त्याचा धाकटा भाऊ बात्तिस्ता तिथेच घडला आणि १९३० साली वेगळा निघून त्याच गावात त्याच धंद्याचं दुसरं दुकान घातलं. घरात सगळे त्याला 'पिनिन' म्हणत, म्हणजे आपल्याकडचा 'धाकल्या'. दोन फारीनांत घोटाळा नको म्हणून त्याने पाटीवर लाडकं नावच लावलं. थोरल्याचं दुकान १९५० च्या दशकात बंद झालं, धाकट्याचं जगभर गाजलं, आणि १९६१ साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून या घराण्याचं आडनावच पिनिनफारीना करून दिलं. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर 'धाकल्या' लागला तर तो दुरुस्त करायला माणूस तहसीलला खेटे घालतो.

दोघा भावांच्या कारखान्यात शिकलेली पोरं पुढे फुटली आणि त्यांनी आपापली दुकानं काढली, त्यामुळे हातांची ओळख पटवणं आणखी अवघड झालं. जोव्हानी मिकेलोत्ती थोरल्या फारीनाकडे शिकला आणि मग मिळेल त्या बॉडीवाल्यासाठी चित्रं काढत सुटला. व्हिन्याले नावाच्या बॉडीवाल्याने बांधलेल्या कित्येक फेरारी त्याच्याच पेन्सिलीतून आल्या. त्याच माणसाने इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीसाठी हेराल्ड काढली, आणि ती १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायला लागली. गुरुजींना आठवलं, की लहानपणी तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे हेराल्ड होती. तिचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट सगळंच्या सगळं पुढे उलटायचं, आणि पोरं ते बघायला डॉक्टरांच्या दाराशी आजारी पडायची. फेरारी काढणाऱ्या हाताने काढलेली गाडी आपण खेड्यापाड्यांत इंजेक्शनं द्यायला वापरली, याची डॉक्टरांना शेवटपर्यंत कल्पना नव्हती. असती तर फी वाढली असती.

मग बॉडी ओळखायची कशी? यावर नाक्याने दूरध्वनीवरून तपास चालवला. पहिली सूचना भंगारवाल्याची होती. तो सायकलला दोरीने लोहचुंबक बांधून फिरतो. "लावून बघ म्हणावं." त्याचा हेतू किलोचा भाव काढायचा होता, पण सूचना अगदी शास्त्रोक्त निघाली. जुन्या गाड्यांचे जाणकार खिशात चुंबक घेऊनच हिंडतात. चिकटला तर पोलादी पत्रा. मध्येच कुठे चिकटेनासा झाला तर तिथे ठोकर खाऊन पुट्टी भरलेली. आणि कुठेच चिकटला नाही तर ॲल्युमिनियम, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेली बॉडी असण्याची शक्यता. मिलानच्या तूरिंगची पद्धत अशी, की बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचं कातडं चढवायचं. तिला नाव 'सुपरलेज्जेरा', आणि ते बॉनेटवर लफ्फेदार अक्षरांत लिहिलेलं असायचं. भाच्याने फ्रिजवरचा चुंबक काढून लावला. घसरून पडला. भंगारवाल्याने तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचा भाव सांगितला.

दुसरी सूचना मिस्तरींची. "दोरी घे. पुढच्या दिव्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत डावीकडे माप, मग उजवीकडे माप." माप बोटभर चुकलं. भाचा घाबरला, गाडीला अपघात झाला असणार म्हणाला. मिस्तरी खूश झाले. "मग खरी आहे. साच्यातून काढली असती तर दोन्ही बाजू सारख्या आल्या असत्या. डावी बाजू एका कारागिराने ठोकली, उजवी दुसऱ्याने, आणि दुसरा जेवायला घाईत होता." हेही खरंच आहे. हाताने ठोकलेल्या इटालियन बॉड्या डावी-उजवी अशा जुळत नाहीत. नक्कल केलेल्या मात्र अगदी जुळतात, आणि तिथेच पकडल्या जातात.

तिसरी सूचना मात्र सगळ्यांची मिळून होती, आणि ती देताना टपरीवर विलक्षण एकमत झालं. नाव शोध! बॉडीवाला नाव लिहिल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे मागच्या फाळक्यावर गाव, पेंटर आणि मोबाइल नंबर असतो, आणि पेंटरचं नाव कधी कधी मालकाच्या नावाहून मोठं असतं. इटालियन लोक जरा आडून लिहायचे. पिनिन फारीनाचा छोटा बिल्ला पुढच्या चाकामागे बगलेत असे. झगातो तिथेच आपलं 'झेड' ठोके. बिल्ले चोरीला जातात, तसे या गाडीचेही गेले होते. पण बॉडीवाल्यांची आणखी एक सवय होती. बॉडीचे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दाराच्या आतल्या पत्र्यावर, सीटच्या लाकडाखाली, बॉनेटच्या बिजागरीवर ते एक लहानसा आकडा ठोकून ठेवत. तो गाडीच्या कागदावर कुठेच नसतो. जाणकार लोक गाडी घेण्याआधी दाराचं अस्तर सोलून तो बघतात.

भाच्याने घरमालकांची परवानगी काढून डाव्या दाराचं अस्तर सोललं. आत एक आकडा निघाला. उजव्या दारातही तोच. नाव मात्र नव्हतं. इतकं कळलं, की दोन्ही दारं एकाच गाडीची आहेत. "हे काय कमी आहे?" मिस्तरी म्हणाले. "माझ्याकडे येणाऱ्या पिकअपला तेवढंही नसतं."

पिकअपवरून आठवलं. २०१५ च्या डिसेंबरात पिनिनफारीना कंपनीचा ७६ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा महिंद्रांनी विकत घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी घेतलाही. म्हणजे न्यूयॉर्कच्या संग्रहालयातली बॉडी ज्या दुकानात बांधली, ते दुकान आज आमच्या नाक्यावर भाजी, बकऱ्या आणि लग्नाचं वऱ्हाड वाहणाऱ्या पिकअप बनवणाऱ्यांच्या घरात आहे. हे कळल्यापासून नाक्यावरचा एक पिकअपवाला गाडी धुताना जरा वेगळ्या नजरेने बघतो. मागे त्याने रंगवून घेतलेलं 'आईचा आशीर्वाद' तसंच आहे, पण त्याखाली आणखी काही लिहावं का, यावर पेंटरशी बोलणी चालू आहेत. पेंटर अक्षरामागे पैसे घेतो आणि नाव लांब आहे.

गाडी इकडे आणता येईल का, असाही विचार झाला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि फी वीस हजार रुपये. अट मात्र अशी, की गाडी मूळ रूपात हवी, फार बदल केलेले चालणार नाहीत. कंडक्टर आबांचा इथे तात्त्विक आक्षेप होता. ज्या गाडीचं मूळ रूप ओळखता ओळखता अख्खं तुरीन आणि निम्मं विसरवाडी थकलं, तिचं रूप मूळ आहे की नाही हे नंदुरबारचा साहेब कशावरून ठरवणार? शिवाय वीस हजारांत इथे दोन चांगल्या बकऱ्या येतात आणि त्यांना नोंदणी लागत नाही.

भाच्याचे घरमालक आता गाडी चालू करायच्या मागे लागले आहेत. बॉडी कुठली हे मागाहून बघू, इंजिन तर कळलं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा शेवटचा निरोप गुरुजींनी वाचून दाखवला: हेडचं गॅस्केट गेलेलं आहे, आणि या इंजिनाचं गॅस्केट तिकडे सहजी मिळत नाही, मिळालं तर फार महाग.

मिस्तरी उठले, गॅरेजात गेले, फळीवरचे जुने डबे हलवल्याचा आवाज आला, आणि ते मेणकागदात गुंडाळलेली दोन पाकिटं घेऊन परत आले. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली ती कंडक्टर आबांच्या चहात गेली.

"पद्मिनीची आहेत. कोरी. दोन्ही देतो. पोस्टाने किती लागतील विचार."

"पण बसतील का, मिस्तरी?" गुरुजी म्हणाले.

"बसवून बघितल्याशिवाय मी कुठल्याच गाडीचं सांगत नाही. फिटिंगची मजुरी मात्र युरोत घ्यायची, हे आताच कळवून ठेवा."